अर्थ कोरडा पडला

१८ जानेवारी १९८७, रविवार

आजपासून डायरी. बियाणे कंपनीनं मामाला दिली, मामानं मला. मामाचं म्हणणं, माझ्याकडं लिहिण्यासारखं काही नसलं तरी वेळ आहे. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक सल्ला छापलाय. आजचा: पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. अहमदपुरात आमच्या गल्लीत टँकर येऊन गेल्याला आज चौथा दिवस.

वाचणारं कोणी नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. मी पंचाक्षरी, वय एकवीस. नांदेडचं कॉलेज बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलं. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, रीडिंग कॉपी केलंस. मी म्हणालो, पुन्हा म्हणा. तो पुन्हा म्हणाला. मग गॅल्व्हानोमीटर फुटला. मामा सगळ्यांना सांगतो की कॉलेजनं मला सोडलं. फरक फक्त कर्ता-कर्माचा आहे.

मामा म्हणजे शंकरप्पा. बस स्टँडसमोर कापडाचं दुकान, दुकानात पब्लिक फोन. फोन माझ्या ताब्यात. पाटीवर 'जि. उस्मानाबाद' होतं. जिल्हा नवा झाला तेव्हा पेंटरनं त्यावर 'लातूर' चढवलं. आता उन्हानं रंग उडून खालचं उस्मानाबाद वर येऊन राहिलंय. माणसाचंही असंच. यंत्रं नवी, आतला माल जुना. कोणीतरी हे बदललं पाहिजे. डायरीच्या शेवटच्या पानावर 'यंत्रयुगाची नीती' लिहायला घेतो. महिनाभरात पूर्ण.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी १०

गुरम्मा आजी आल्या. दर रविवारी येतात. नांदेडला शिकणाऱ्या नातीला फोन लावतात. नात म्हणजे शिवकन्या. (हे नाव एकदाच लिहितो.) आई लहानपणीच गेली, आजीनंच वाढवली. तिला मी तीन वेळा पाहिलंय. तिनं मला पाहिलं का, तो वेगळा पॉइंट.

आजी चप्पल बाहेर काढतात, फोनला विभूती लावतात, आणि नांदेडपर्यंत तारेशिवायच ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलतात. मी गल्ल्याजवळच्या जोडफोनवर लाइन तपासत असतो.

कलम १: मन लावून ऐकलं तर पाप. कान लावून ऐकलं तर ड्यूटी.

आज ती म्हणाली, भाऊ, आव्वाला द्या ना. (आजीला ती आव्वा म्हणते.) 'भाऊ' सोडून द्या. फोनवर सगळेच भाऊ असतात, ते टेलिफोनी नातं आहे, राखीचं नव्हे. मुद्दा 'ना'चा आहे. गेल्या रविवारी नुसतं 'द्या' होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

निर्णय. उद्या नांदेड. तिला समोरासमोर सांगणार. शर्ट इस्त्रीला दिला.

४ फेब्रुवारी

लोह्यात उतरलो. कंडक्टर म्हणाला, पाय आत घे. 'घ्या' म्हणायला पाहिजे होतं. वाद वाढला. प्रिन्सिपलवर, म्हणजे तत्त्वासाठी, उतरलो. परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक मोठी सामाजिक लबाडी पकडली.

आपल्याकडं मरणाची बातमी कोणी सरळ देत नाही. 'सीरियस आहे, निघून या' म्हणतात. ऐकणारा ओळखतो, गेला. पूर्वी मरणाच्या पत्राचा कोपरा फाडायचे, आता सीरियस. तारेतून खोटं पाठवायचं! ज्यानं फोन काढला त्यानं रात्रंदिवस डोकं झिजवलं ते यासाठी?

कलम २: फोनवर खोटं नाही. खरं असेल ते सरळ.

दुपारी देवणीहून फोन. मागच्या गल्लीतल्या शेषेरावचे सासरे सीरियस. मी स्वतः गेलो आणि स्पष्ट सांगितलं, तुमचे सासरे गेले. शेषेरावची बायको चतुराबाई हातातलं पीठ तसंच घेऊन उंबऱ्यावर बसली. वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. गावात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं.

१३ फेब्रुवारी

सासरे जिवंत. जुलाबानं खरोखरच सीरियस होते, सलाइननं उठून बसले. जीपभर माणसं रडत अंगणात शिरली तेव्हा ते बाजेवर चहात खारी बुडवून खाऊन राहिले होते. शेषेरावच्या हातात हार. सासऱ्यांनी तांब्या फेकून मारला. तांब्यात पाणी होतं, त्याचंच देवणीत जास्त वाईट वाटलं म्हणे.

शेषेराव दुकानात आला. कपाळावर टेंगूळ. म्हणाला, पंचा, यमाकडं नोकरीला लागलास तर दाखला तरी दाखव. मी म्हणालो, चूक माझी नाही, सीरियस या शब्दाची आहे. तर म्हणाला, शब्दाला मारता येत न्हाई म्हणून तुला मारून राहिलो. एकच मारली. मोजून.

मामा म्हणाला, जेवढं कानात आलं तेवढंच तोंडातून जाऊ दे. तू माणूस न्हाईस, तू वायर हाईस.

कलम २ला दुरुस्ती: शब्दाला शब्द. अर्थ लावणं हे वायरचं काम नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ती आली नाही. जर्नल सबमिट करायचं आहे म्हणे. आजींनी उपासाचा शिंगाडा फोनपुढं ठेवला. मला म्हणाल्या, पंचाक्षरी, माझी शिवू यातच ऱ्हाती का रे? पूर्ण नावानं हाक मारणाऱ्या गावात त्या एकट्याच. बाकी सगळे पंचा म्हणतात, जसं काही अंग पुसायला घेतलंय.

शिंगाडा मी खाल्ला. यंत्राच्या वतीनं.

८ मार्च, रविवार

लाइनवर खरखर. आजी 'जेवलीस का' म्हणाल्या, पलीकडं 'गेलीस का' गेलं. ती म्हणाली, कुठं? सहा मिनिटं याच विषयात.

लाइनमनला बोलावलं. त्यानं दुकानामागं वायर जिथं जमिनीत जाते तिथं लाथ मारून बघितलं. म्हणाला, अर्थ कोरडा पडलाय. अर्थिंगच्या खड्ड्यात रोज घागरभर पाणी सोडा, तरच आवाज येईल.

मामाला सांगितलं. मामा म्हणाला, मी गुळणी करून गिळून टाकतोय आणि तू भुईला घागर मागतोस?

१२ मार्च

विचार करून लिहिलं. कलम ३: यंत्राची तहान ही माणसाच्या तहानेइतकीच खरी. जुन्या नीतीत मुंगीला साखर आहे, गाईला घास आहे. टेलिफोनला काहीच नाही. नीती काळाबरोबर वाढली पाहिजे.

टँकरच्या लाइनीत घागर घेऊन उभा राहिलो आणि हे सगळ्यांना समजावलं. दुकानामागं राहणाऱ्या सुमनबाई म्हणाल्या, आमच्या लेकरांच्या जिभा वाळून राहिल्या अन् ह्यो मुडदा खड्ड्याला पाजतो! मी तापलो. म्हणालो, तुम्ही अजून बैलगाडीच्या युगात आहात. त्या म्हणाल्या, हाव, बैलाला कळतं तरी पाणी कुठं प्यायचं. माझी घागर लाइनीतून बाहेर फेकली गेली. पोचा आला.

१५ मार्च, रविवार

आजींनी कुठून तरी ऐकलं. आज पदराखाली तांब्या घेऊन आल्या. मी नको म्हणालो. (म्हणालो का? म्हणालो असेन.) म्हणाल्या, माझ्या वाट्याचं हाय, मी दोन गुळण्या कमी करीन. शिवूचं बोलणं तर ऐकू येईल. स्वतःच्या हातानं खड्ड्यात ओतलं आणि खड्ड्याला नमस्कार केला.

आज खरखर थोडी कमी वाटली. मी दोन्ही फोनचे स्क्रूही आवळले, सेलही बदलले, पण खरा गुण पाण्याचा.

२९ मार्च, रविवार

आजी आता रोज सकाळी लाइनीत दोनदा उभ्या राहतात. एकदा घरासाठी, एकदा खड्ड्यासाठी. बहात्तर वर्षांची बाई, पण यंत्रयुग कळलं! मामा म्हणाला, अरे म्हातारीला उन्हात उभी करतोस? मी म्हणालो, मी नाही, त्यांची स्वेच्छा आहे. मामा म्हणाला, मग तू का न्हाई उभा ऱ्हात? मला सुमनबाईंचा प्रॉब्लेम आहे, हे मामाला समजणार नाही.

खड्ड्याभोवती दोन बोटं गवत आलंय. सगळ्या गावात हिरवं एवढंच.

सल्ला: फळझाडांच्या आळ्यात ओलावा टिकवा.

५ एप्रिल, रविवार

लाइन आरशासारखी. ती म्हणाली, भाऊ, आज किती स्वच्छ आवाज येतोय.

कोणाचा? त्या वेळी फक्त मी बोललो होतो. मी 'हॅलो' म्हणालो होतो.

७ एप्रिल, मंगळवार

नांदेडला गेलो. लोह्यात उतरलो नाही. कॉलेजच्या गेटसमोर रसवंतीत बसलो, तीन ग्लास. ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. पाच हातांवरून गेली. पिवळी ओढणी. मी उठलो. टेबल हललं, ग्लास पडला, मालक ओरडला, तोवर ती वळणावर.

मग बस स्टँडवर येऊन तिच्या घरमालकाकडं फोन लावला. बसवंत नावाचे गृहस्थ आहेत, त्यांच्याच फोनवर ती बोलते. ती आली. हॅलो म्हणाली. मी म्हणालो, लाइन तपासतोय. ती म्हणाली, बरं भाऊ.

परत आलो. एक गोष्ट पक्की कळली: समोरासमोर बोलण्यात टेक्निकल दोष आहेत. मध्ये वायर नसते, त्यामुळं काही बिघडलं तर आपणच बिघडलो असं दिसतं.

कलम ४: जिथं तार जाते तिथं माणूस पाठवू नये.

१९ एप्रिल, रविवार

तिची परीक्षा चालू. शेवटचा पेपर शनिवारी. आजी म्हणाल्या, पेपर झाला की तिला आणायला तूच जा रे पंचाक्षरी, पेटी जड असती. मी हाव म्हणालो. शनिवारचा शर्ट आजच इस्त्रीला दिला.

२३ एप्रिल, गुरुवार. दुपारी १२

गुरम्मा आजी टँकरच्या लाइनीत पडल्या. दुसऱ्या फेरीत. सुमनबाईंनीच उचललं, रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणाले, ऊन आणि हार्ट, दोन्ही. एक-दोन दिवस काढतील, सांगता येत नाही.

शुद्धीवर आहेत. मला हाताला धरून म्हणाल्या, शिवूला बोलाव. डोळ्यांनी बघू दे एकदा.

त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा बाप महादेवप्पा, मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) कामानं लातूरला, कलेक्टर ऑफिसात. संध्याकाळी येईल.

मामा म्हणाला, पंचा, साडेबाराची बस पकड. असलं फोनवर सांगू नये. असल्या कामाला माणूस जातो. तोंड बघून सांग, पोरीला बरोबर घेऊन ये.

मी म्हणालो, दोन तास जाण्यात घालवायचे आणि फोन इथं मोकळा ठेवायचा? याला काय अर्थ आहे?

शिवाय शर्ट शनिवारी मिळणार आहे.

दुपारी १:१५

फोन लागला. बसवंत होते. मी शब्दाला शब्द सांगितलं: गुरम्मा आजी सीरियस आहेत, शिवकन्येला पाठवून द्या.

त्यांनी बारीक आवाजात विचारलं, माती किती वाजता?

मी म्हणालो, अहो, जिवंत आहेत. म्हणाले, हाव हाव, समजलं. मी म्हणालो, समजलं नाही, खरंच जिवंत आहेत, खरोखरच्या सीरियस. म्हणाले, बाळ, आमच्याही घरात चार जण असेच सीरियस झाले. तिसऱ्यांदा मी ओरडलो, जिवंत! ते म्हणाले, रडू नको.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, तुम्हाला मराठी कळते का? त्यांनीही काहीतरी काढलं. मग माझ्या आवाजाबद्दल, त्यांच्या अकलेबद्दल. ऑपरेटर मध्ये आला, तीन मिनिटं झाली.

संध्याकाळी ५

पुन्हा लावला. बसवंत आता शांत. म्हणाले, हे बघ, परवा तिचा शेवटचा पेपर. आत्ता सांगून पोरीचं वर्ष घालवायचं का? गेलेलं माणूस काय परत येणार? मी तिला काही बोललो नाही. पेपर झाला की सांगतो अन् गाडीत बसवून देतो. तुमी तवर उरकून घ्या.

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी फोन ठेवला.

मामा म्हणाला, सातची शेवटची बस आहे. मी म्हणालो, सकाळी बघू. डोकं दुखतंय, आणि हा अपमान आहे. त्या माणसाच्या दारात मी पाय ठेवणार नाही.

महादेवप्पा लातूरहून आला. दवाखान्याच्या पायरीवर विचारलं, शिवूला कळवलं का रे? मी म्हणालो, कळवलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तू होतास म्हणून, न्हाईतर मलाच जावं लागलं असतं. बाकीचं सांगितलं नाही. उगाच टेन्शन.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातची गेली, नऊची गेली. बसायला जागा नव्हती.

दवाखाना. आजींनी विचारलं, आली का?

मी म्हणालो, निघाली.

(कलम २ बघू नंतर.)

दुपारी पुन्हा, आली का? म्हणालो, लोह्यापर्यंत आली असेल. त्यांनी दाराकडं तोंड करून द्यायला सांगितलं. सुमनबाईंनी त्यांची कूस बदलून दिली. सुमनबाई कालपासून तिथंच आहेत, माझ्याशी बोलत नाहीत.

उशाशी तांब्या होता. आजी म्हणाल्या, हे अर्थाला घालून ये बाळा. पोरीनं फोन केला तर खरखर होईल. मी म्हणालो, तुम्ही प्या. म्हणाल्या, मला एवढं लागत न्हाई आता.

तांब्या घेऊन आलो. ओतलं. फोन लावला. ऑपरेटर म्हणाला, नांदेडचा नंबर एंगेज. तीनला एंगेज, चारला एंगेज, पाचला एंगेज. बसवंतनी रिसीव्हर काढून ठेवला असणार. पोरीला पेपरचा अभ्यास करायचाय, मध्येच कोणी तिला सांगू नये म्हणून.

चांगला माणूस आहे. हाच प्रॉब्लेम.

२५ एप्रिल, शनिवार. सकाळी ८

गुरम्मा आजी पहाटे लिंगैक्य झाल्या. महादेवप्पा म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडं बघून राहिली होती.

मामा म्हणाला, आता तरी नांदेडला सांग. फोन लगेच लागला. लाइन इतकी स्वच्छ, की पलीकडं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येत होती. बसवंत हॅलो म्हणाले. मी सरळ सांगणार होतो. तोंडातून निघालं, सीरियस आहेत.

ते म्हणाले, ते तर परवाच कळलं.

संध्याकाळी

चार वाजता माती झाली. लिंगायत रीतीनं बसवलेल्या आजी खूप लहान दिसत होत्या. साडेसहाच्या बसनं ती उतरली. मी दुकानातून पाहिलं. पेटी जड होती. दोनदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. पिवळीच ओढणी. इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगात होता.

गेलो नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

ती दुकानात आली. बरोबर महादेवप्पा. हॅलो न म्हणता बोलणारी ती पहिल्यांदाच. आवाज वेगळा वाटतो, जाड.

म्हणाली, फोनवाले भाऊ तुम्हीच का? मी मान हलवली. म्हणाली, गुरुवारी फोन केलात तेव्हा आव्वा जिवंत होती म्हणे. सुमनमावशी म्हणाल्या, आव्वा दोन दिवस माझंच विचारत होती. मी म्हणालो, मी तीन वेळा सांगितलं जिवंत आहेत म्हणून, बसवंतकाकांना कळलं नाही, तो शब्दाचा दोष आहे, आपल्याकडं सीरियस या शब्दाचा...

तिनं ऐकून घेतलं. सगळं. मग विचारलं, मला काही कळू द्यायचं न्हाई असं काकांनी ठरवलंय, हे तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं ना?

हाव.

ती म्हणाली, शुक्रवार अख्खा होता. बस तर तासातासाला हाय. तुम्ही का नाही आलात?

एवढ्या महिन्यांत तिला सांगायचं म्हणून मी जे जे ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य इथं बसत नव्हतं. म्हणालो, लाइन स्वच्छ होती.

महादेवप्पानं त्या दिवशीसारखाच खांद्यावर हात ठेवला. मग काढून घेतला. जाताना ती चप्पल घालायला वाकली. म्हणजे फोनजवळ येताना तिनंही ती बाहेर काढली होती.

३ मे, रविवार. सकाळी १०

कलमं लिहिलेलं शेवटचं पान फाडलं. पाठीमागं 'उपयुक्त दूरध्वनी क्रमांक' छापलेले निघाले. सगळे मुंबईचे.

लाइनमन आला होता. महिन्याची तपासणी. मी म्हणालो, अर्थ बघून घ्या. त्यानं खड्डा उकरला, वायर हातानं ओढली. अख्खी वर आली. टोक गंजलेलं, कशालाच जोडलेलं नाही. म्हणाला, ही तर मागल्या सालीच तुटलीय बहुतेक. मी विचारलं, मग मार्चमध्ये खरखर कशानं कमी झाली? म्हणाला, सेल बदलले होते का? मी म्हणालो, हाव. म्हणाला, मग झालं की. पाण्याचा काही संबंध न्हाई.

मामा ऐकत होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

खड्ड्याजवळचं गवत सुमनबाईंच्या शेळीनं मुळासकट खाल्लं. हाकललं नाही.

१०:२०

फोन वाजला. एक्स्चेंजचा ऑपरेटर. म्हणाला, रविवारचा तुमचा नांदेड कॉल ऱ्हायला, लावू का?

मी म्हणालो, नको. लाइन खराब आहे.

तो म्हणाला, मला तर तुझा आवाज एकदम स्वच्छ येऊन राहिला.